शांत नाडीवरून टेकडीचा अंदाज

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय ऐकून काहींनी आधीच विचारले, की तत्त्वज्ञानाच्या माणसाने हृदयाच्या ठोक्यांवर बोलायचे म्हणजे जरा अतिच झाले. मान्य आहे. आम्ही डॉक्टर आहोत ते तत्त्वज्ञानातले. त्या डॉक्टरकीने कुणाचा ताप उतरत नाही. पण अनुमान कसे करावे आणि ते कुठे चुकते, हे आम्ही पस्तीस वर्षे शिकवले. आज जे तपासायचे आहे तेही एक अनुमानच आहे. हृदयरोग्याला शांत बसवायचे, पाच मिनिटे त्याच्या ठोक्यांमधली अंतरे मोजायची, आणि त्यावरून सांगायचे की हा माणूस किती चालू शकेल, किती चढू शकेल. हे अनुमान टिकते का, एवढाच आजचा प्रश्न.

यात आमचा स्वार्थ आहे, तो आधी सांगून टाकतो. चार वर्षांपूर्वी आमची बायपास झाली. त्यानंतर सावकाश, डॉक्टरांच्या सल्ल्याने, आम्ही चालायला लागलो. वर्षभरात रोज सकाळी घराजवळच्या टेकडीवर जाऊ लागलो. गेल्या वर्षी आमच्या भागात एक आरोग्य शिबीर भरलं. खुर्चीत बसवलं, बोटाला चिमटा लावला, पाच मिनिटांनी कागद हातात. त्यावर होतं, ‘एसडीएनएन ३८ मिलिसेकंद’, आणि खाली लाल अक्षरांत, ‘व्यायामक्षमता: कमी. चढ टाळावा.’ घरी सूनबाईने कागद वाचला आणि म्हणाली, “बाबा, उद्यापासून टेकडी बंद.” झाली बंद. दोन महिने आम्ही गॅलरीत बसून टेकडीकडे बघत होतो.

त्याच शिबिरात आमचे एक स्नेही होते, वय ७८. एक जिना चढताना दोनदा थांबतात, कठड्याला धरून उभे राहतात. त्यांचा आकडा आला १२६, आणि शेरा ‘उत्तम’. त्यांनी आम्हाला पेढे दिले नाहीत एवढंच! हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवून आम्ही विचार करू लागलो. आजचे व्याख्यान त्यातूनच निघाले.

आधी हा आकडा म्हणजे काय ते पाहू. आपण म्हणतो, नाडी मिनिटाला ६०. याचा अर्थ दर ठोका बरोबर हजार मिलिसेकंदांनी पडतो असा नाही. एक अंतर ९६० असते, पुढचे १०३०, त्यापुढचे ९९०. श्वास आत घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना संथ. कार्ल लुडविग यांनी १८४७ साली आपल्या नोंदयंत्रावर हा श्वासाबरोबरचा चढउतार टिपला होता. ठोक्यांमधल्या अंतरांच्या या कमीजास्तपणाला हार्ट रेट व्हेरिएबिलिटी, थोडक्यात एचआरव्ही म्हणतात. एसडीएनएन म्हणजे त्या अंतरांचे प्रमाण विचलन. शेवटची दोन अक्षरे, एन आणि एन, म्हणजे ‘नॉर्मल ते नॉर्मल’. हृदयाच्या नैसर्गिक केंद्रातून निघालेले, नेहमीच्या लयीतले ठोकेच मोजायचे, अशी त्यात अट आहे. ही अट लक्षात ठेवा, तिच्यामुळे आमच्या स्नेह्यांचा घोटाळा झाला.

निरोगी हृदय घड्याळासारखे टिकटिकत नाही, हे ऐकायला विचित्र वाटते. पण त्याच्यावर दोन लगाम असतात. अनुकंपी नसा त्याला पळवतात, परानुकंपी नसा, म्हणजे मुख्यतः व्हेगस, त्याला आवरतात. व्हेगसचा हात जागता असला की ठोक्यांत बारीक चढउतार राहतो. म्हणजे एचआरव्हीतून मुख्यतः कळते ते हे, की लगाम कसा धरला आहे. घोड्याच्या पायांत किती दम आहे, हा निराळा प्रश्न.

आता या मापाचा जो खरा मान आहे तो त्याला देऊ. टीका करायची तर प्रतिपक्ष त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडावा, ही आपली पूर्वपक्षाची जुनी रीत आहे. १९६५ साली हॉन आणि ली यांनी दाखवले, की पोटातले बाळ संकटात असेल तर त्याच्या नाडीचा वेग बदलण्याआधीच ठोक्यांच्या अंतरांत फरक पडतो. मधुमेहात नसांना इजा होते तेव्हा हा चढउतार लवकर घटतो आणि निदानाला उपयोगी पडतो. आणि १९८७ साली क्लायगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ८०८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चोवीस तासांच्या नोंदीत ज्यांचा एसडीएनएन ५०पेक्षा कमी होता, त्यांना मृत्यूचा धोका १००पेक्षा जास्त असलेल्यांच्या तुलनेत पाचपटींहून अधिक निघाला. हे फार मोलाचे काम आहे.

पण मंडळी, त्यांनी काय सिद्ध केले? झटका आल्यानंतरच्या काही दिवसांत मोजलेला, चोवीस तासांचा आकडा, पुढच्या काळातल्या मृत्यूचा धोका सांगतो. रुग्ण किती चालू शकेल हे त्यांनी विचारलेच नव्हते. ‘कोण दगावण्याची शक्यता जास्त’ आणि ‘कोण किती श्रम करू शकेल’ हे दोन प्रश्न शेजारी राहतात, पण ते एक नव्हेत.

आमच्या कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलं होतं, ‘५०पेक्षा कमी: असामान्य’. हा ५० आला कुठून? चोवीस तासांच्या नोंदीतून. दिवसभरात माणूस झोपतो, जिना चढतो, भांडतो, जेवतो. त्यामुळे चोवीस तासांचा एसडीएनएन मोठाच यायचा. पाच मिनिटे खुर्चीत बसलेल्या माणसाचा तेवढा कसा येईल? निरोगी प्रौढांवरच्या अनेक अभ्यासांचा एक आढावा २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात थोड्या वेळाच्या नोंदीतला एसडीएनएन सरासरी ५०च्या आसपास होता आणि अभ्यासागणिक ३२ ते ९३ असा पसरलेला होता. म्हणजे हा ५०चा उंबरठा पाच मिनिटांच्या मापाला लावला, तर साधारण निम्मे निरोगी लोक आजारी ठरतील. वेगवेगळ्या कालावधींच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहू नयेत, हे युरोप आणि अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या गटाने १९९६च्या मार्गदर्शक लेखात स्पष्ट सांगितले आहे. शेरांनी मोजलेले धान्य पायलीच्या हिशेबात लिहिले, तर शेतकरी बुडाला की नाही?

कुणी म्हणेल, ही त्या शिबिराची चूक, पद्धतीची नव्हे. ठीक. मग मापनाची चूक दुरुस्त झाली असे समजू, आणि मूळ अनुमानाकडे वळू.

आधी व्यायामक्षमता म्हणजे काय? शरीर ऐन श्रमात मिनिटाला किती प्राणवायू वापरू शकते, हे तिचे सर्वांत नेमके माप. अडोल्फ फिक यांनी १८७० साली मांडलेल्या तत्त्वानुसार हा वापर म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार. एक, हृदय मिनिटाला किती रक्त पुढे ढकलते. दुसरी, त्या रक्तातून स्नायू किती प्राणवायू काढून घेतात. यात हृदयाची गती आली, प्रत्येक ठोक्याचे रक्त आले, फुप्फुसे आली, रक्तातले हिमोग्लोबिन आले, मांड्यांचे स्नायू आले. एचआरव्ही या सगळ्या साखळीतल्या एकाच कडीशी, गतीच्या नियंत्रणाशी संबंधित आहे, आणि तीही विश्रांतीतल्या. पंडुरोगाने खंगलेल्या बाईचा दम हिमोग्लोबिनमुळे जातो. सहा महिने अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा दम मांड्यांमुळे जातो. खुर्चीतली नाडी याची साक्ष कशी देणार?

आता आमच्या घरच्या हत्यारांकडे येऊ. न्यायशास्त्रातला डोंगरावरचा धूर आपल्याला ठाऊक आहे. धूर दिसतो, म्हणून आग असणार. हे अनुमान चालते, कारण जिथे जिथे धूर तिथे तिथे आग ही व्याप्ती पक्की आहे. आता उलट करून पाहा. आग आहे म्हणून धूर असणार, हे चालेल? नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. आगीतून धूर निघायला ओले सरपण लागते. हे जे न सांगितलेले ओले सरपण, त्याला नैयायिक उपाधी म्हणतात. उपाधी लपलेली असली की अनुमान वरून ठाकठीक दिसते आणि आतून पोकळ असते.

आपल्या अनुमानाची व्याप्ती अशी मांडावी लागेल: जिथे जिथे विश्रांतीतला एचआरव्ही कमी, तिथे तिथे व्यायामक्षमता कमी. याला लोखंडाचा गोळा सापडतो का? सापडतो. हृदयाचे प्रत्यारोपण झालेला माणूस घ्या. नवे हृदय बसवताना त्याच्या नसा तुटलेल्या असतात. पुढे काही वर्षांत थोड्याफार नसा पुन्हा पोचतात, पण सुरुवातीला एचआरव्ही जवळजवळ शून्य. तरीही असे रुग्ण चालतात, सायकल चालवतात, काहींनी तर मॅरेथॉन पूर्ण केली आहे. श्रमात त्यांचे हृदय रक्तातून येणाऱ्या ॲड्रेनालिनच्या जोरावर हळूहळू वेग घेते. लगाम नाही, तरी घोडा पळतो.

आणि उलट बाजूचे उदाहरण आमचे स्नेही. त्यांना एट्रियल फिब्रिलेशन आहे. ठोके मुळातच वेडेवाकडे पडतात, त्यामुळे अंतरांचे विचलन भरमसाट. यंत्राने ‘नॉर्मल ते नॉर्मल’ ही अट पाहिलीच नाही आणि रोगालाच आरोग्य म्हणून गुण दिले. हेतू आहे, साध्य नाही. आमच्या शास्त्रात याला सव्यभिचार म्हणतात, आणि असा हेतू पुराव्यातून बाद होतो.

मग गटांच्या अभ्यासात या दोहोंत काहीएक संबंध दिसतो तो का? तो दिसतो, हे आम्ही नाकारत नाही. पण ओले सरपण शोधा. वय वाढले की एचआरव्ही घटतो आणि दमही घटतो. मधुमेहाने दोन्ही घटतात. आजार बळावला की दोन्ही घटतात. म्हणजे दोघे भाऊ एकमेकांना ओढत नाहीत, दोघांनाही तिसराच कुणी ओढतो आहे. शंभर रुग्णांच्या आलेखात तिरकी रेघ दिसते; तिच्यावरून त्यातल्या एकाला, समोर बसलेल्या बाबांना, ‘तुम्ही चढू नका’ असे सांगता येत नाही.

औषधांचे उदाहरण तर फारच बोलके आहे. हृदयरोग्यांना बीटा ब्लॉकर गोळ्या सर्रास दिल्या जातात. त्यांनी नाडी संथ होते. अंतरे लांबली की त्यांतला चढउतारही बहुधा वाढतो. त्याच गोळीने श्रमातली कमाल गती मात्र खाली येते. म्हणजे खुर्चीतला आकडा वर, आणि टेकडीवर लागणारी एक गोष्ट खाली.

याहून सोपा प्रयोग आपण घरी करू शकता. स्वस्थ बसून मिनिटाला सहा असे संथ श्वास पाच मिनिटे घ्या. आकडा बहुतेकांचा चांगलाच वाढतो. प्राणायाम करणाऱ्यांना हे सांगायला नको. पण त्या पाच मिनिटांत तुमची टेकडी चढायची ताकद वाढली का? माप बदलले आणि मोजायची वस्तू तशीच राहिली, तर ते माप त्या वस्तूचे नव्हे.

आता पूर्वपक्षाचे दोन चांगले मुद्दे राहिले. पहिला: विश्रांतीतले सोडा, श्रम चालू असताना एचआरव्ही पाहिला तर? हा विचार खरोखर चांगला आहे. श्रम वाढतो तसा व्हेगस हात काढून घेतो, चढउतार घटत जातो, आणि एका टप्प्यावर तो जवळजवळ सपाट होतो. तो टप्पा श्वास जड होऊ लागण्याच्या टप्प्याच्या जवळपास येतो, म्हणून व्यायामाची तीव्रता ठरवायला तो वापरण्याचे प्रयत्न होत आहेत. पण इथे माणसाला चालवले आहे, हे विसरू नका. शिवाय हृदयरोग्यात चढउतार आधीच थोडा, मध्येच जादा ठोके, वर गोळ्या. त्यामुळे तो टप्पा नेमका पकडणे अवघड जाते.

दुसरा मुद्दा गरिबीचा आहे, आणि तो आम्हाला जास्त टोचतो. प्राणवायूचा वापर मोजणारी तपासणी महाग, मोठ्या शहरांतल्या मोजक्या ठिकाणी होणारी. तालुक्याच्या गावी काय करायचे? गुडघे गेलेल्या आजीला ट्रेडमिलवर कसे चढवायचे? बोटाला चिमटा लावून काम भागत असेल तर का नको? गरज खरी आहे, मंडळी. पण त्यासाठी स्वस्त आणि सरळ उपाय आधीपासून आहे. तीस मीटरचा सपाट व्हरांडा, दोन खुणा, एक घड्याळ, जवळ एक जाणता माणूस; सहा मिनिटे चालायला सांगा आणि अंतर मोजा. ही सहा मिनिटांची चाचणी जगभर मान्य आहे. त्यात यंत्राची चमक नाही, पण रुग्ण चालतो आणि आपण चालणेच मोजतो.

ॲरिस्टॉटलने मेगारावाल्यांशी घातलेला वाद इथे आठवतो. त्यांचे म्हणणे, घर बांधत असेल तेव्हाच गवंड्याच्या अंगी बांधायची क्षमता असते. ॲरिस्टॉटल म्हणाला, तसे कसे? काम थांबवून जेवायला बसला म्हणून त्याची कला गेली का? आम्ही ॲरिस्टॉटलच्या बाजूचे. खुर्चीत बसलेल्या आमच्यातही टेकडी चढायची क्षमता होतीच. पण असणे वेगळे आणि कळणे वेगळे. गवंडी जेवत असताना त्याच्या घास घेण्यावरून भिंत ओळंब्यात येईल का हे ठरवता येत नाही. क्षमता विश्रांतीतही असते, पण ती कळते कामातून.

म्हणूनच आम्हाला आणखी एक माप जवळचे वाटते. १९९९ साली कोल आणि सहकाऱ्यांनी २४२८ जणांचा अभ्यास मांडला. श्रम थांबवल्यावर पहिल्या मिनिटात नाडी १२ किंवा त्याहून कमी ठोक्यांनीच उतरली, तर पुढे मृत्यूचा धोका जास्त. इथेही लगामच पाहिला जातो, पण घोडा पळवून आल्यानंतर. हेही क्षमतेचे माप नव्हे, धोक्याचीच खूण आहे, आणि ती त्याच नावाने वापरली जाते.

‘आकडा चुकला तर चुकला, सावधगिरीने काय बिघडते?’ असे कुणी म्हणेल. बिघडते. हृदयविज्ञानात दोन प्रसंग असे आहेत की ते प्रत्येक तर्कशास्त्राच्या वर्गात शिकवावेत. पहिला, कास्ट नावाची चाचणी. झटका येऊन गेलेल्यांत जादा ठोके ही धोक्याची खूण. म्हणून ते दाबणारी औषधे दिली. ठोके दबले, आकडे सुधारले. १९९१च्या अहवालात औषध घेतलेल्या ७५५ जणांत ६३ मृत्यू होते, नुसती बिनऔषधी गोळी घेतलेल्या ७४३ जणांत २६. खूण सुधारली आणि माणसे गेली.

दुसरा प्रसंग विश्रांतीचा. एकेकाळी झटका आला की रुग्णाला कित्येक आठवडे अंथरुणावर सक्तीने निजवत. १९५२ साली लेव्हाइन आणि लाउन यांनी त्याला खुर्चीत बसवायचे सुचवले, तेव्हा तेवढेसुद्धा अनेकांना धाडसाचे वाटले. पुढे कळले की सक्तीच्या अंथरुणानेच रक्ताच्या गुठळ्या होत, स्नायू झिजत, मन खचे. २००९च्या एचएफ ॲक्शन चाचणीत हृदय दुबळे झालेल्या पण स्थिर असलेल्या २३३१ रुग्णांत देखरेखीखालचा व्यायाम सुरक्षित ठरला. फायदा माफक, पण होता. ज्या खुर्चीने रुग्णाला अंथरुणातून सोडवले, त्याच खुर्चीत बसवून आता आपण त्याला पुन्हा घाबरवणार का?

आमच्या दोन महिन्यांचा हिशेब सांगतो. वजन तीन किलो वाढलं. झोप बिघडली. छातीत काही नसताना हात छातीवर जायला लागला. शेवटी आमच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे कागद घेऊन गेलो. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि म्हणाले, “सर, चालून दाखवा.” ट्रेडमिलवर त्यांच्या नजरेखाली आम्ही ब्रूस पद्धतीचा दुसरा टप्पा पूर्ण केला. सहा मिनिटे, म्हणजे साधारण ७ मेट. स्वस्थ बसलेल्या शरीराला लागतो त्याच्या सातपट प्राणवायूचा श्रम. ईसीजी ठीक, रक्तदाब ठीक. दुसऱ्या दिवशी टेकडी सुरू, मात्र सुरुवातीला अर्धीच. दोन महिन्यांत गेलेला दम परत यायला तीन महिने लागले. आणि आमच्या ‘उत्तम’ स्नेह्यांनाही आम्ही त्यांच्याकडे धाडलं. आता त्यांच्यावर उपचार चालू आहेत.

एचआरव्ही टाकाऊ आहे असे आम्ही म्हणत नाही. धोक्याची खूण म्हणून, नसांच्या आजाराची चाहूल म्हणून, त्याच माणसाच्या आकड्याची त्याच्याच मागच्या आकड्याशी तुलना म्हणून, त्याला जागा आहे. ‘क्षमता’ हा शब्द मात्र त्याच्या कागदावर छापू नये. इथेच थांबतो. काही प्रश्न असतील तर घेऊ.

एक श्रोत्या: सर, माझ्या मनगटावरचं घड्याळ रोज हा आकडा दाखवतं आणि कमी आला की मी त्या दिवशी फिरायला जात नाही. घड्याळ काढून ठेवू का?

घड्याळ राहू द्या ताई, वेळ बघायला लागतंच. ताप असेल, छातीत दुखत असेल, पाय सुजले असतील, चक्कर येत असेल, तर आकडा कितीही चांगला असो, आधी डॉक्टरांकडे जा. यातलं काही नसेल, डॉक्टरांनी चालायची परवानगी दिलेली असेल, आणि नुसता आकडाच कमी असेल, तर चप्पल घाला आणि निघा. चालता चालता शेजारणीशी बोलता येतंय का एवढं बघा. बोलता येत असेल तर बेताचं चाललंय. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करा. आणि शेजारीण मिळाली नाही तर टेकडीच्या पायथ्याशी या, आम्ही साडेसहाला तिथेच असतो.